ज्ञानेश्वरी कोणत्या खणात?

मराठी वाचकाला ज्या ग्रंथाची ओळख करून द्यावी लागत नाही, तोच ग्रंथ रोमन लिपीतल्या ग्रंथालय-तालिकेत शोधायला बसले की पहिल्या अक्षरालाच अडायला होते. 'ज्ञानेश्वरी'तला ज्ञ रोमनमध्ये लिहायचा कसा? आपण त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतो, म्हणून आपल्याकडच्या पाट्यांवर आणि पत्रिकांवर डी-एन-वाय दिसते. हिंदी भाषक 'ग्य' म्हणतो. त्याच्या लेखी ते जी-वाय. संस्कृताचा अभ्यासक उच्चाराकडे न पाहता जोडाक्षर फोडतो: ज् आणि ञ. त्याचे जे-एन, आणि त्या एनच्या डोक्यावर नागमोडी रेघ. लाकडी खणांतली कार्डे चाळण्याच्या काळात कोणी शिस्त लावली नसती, तर एकच ग्रंथ डी, जी आणि जे अशा तीन खणांत विखुरला असता आणि एकच खण उघडणाऱ्याला उरलेल्या दोन खणांतल्या प्रतींचा पत्ता लागला नसता. आता खण गेले आणि शोधाची चौकट आली. तिच्यात आपण काय टंकतो यावर आता तेच सारे अवलंबून असते.

(रोमन अक्षरे या लेखात त्यांच्या नावांनीच लिहिली आहेत. वाचताना थोडे कष्ट पडतील. पण तालिकाकाराला तेच कष्ट रोज उलट्या दिशेने पडतात.)

ग्रंथालयशास्त्राबाहेरच्या माणसाला हा स्पेलिंगचा किरकोळ प्रश्न वाटेल. पण तालिकेतली नोंद पुस्तकाच्या जागी उभी असते. पुस्तक कपाटात, कधी दुसऱ्या खंडात. आपल्यासमोर असते ती फक्त नोंद. ती सापडली नाही की पुस्तकच नाही असे समजून वाचक निघून जातो. त्याची तक्रारही येत नाही, कारण आपले काय हुकले हे त्याला कळलेले नसते. परदेशातल्या ग्रंथालयांत असलेल्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे हुकणे काही दशके चालू आहे. आपल्या गावच्या वाचनालयातही ते चालू आहे, फक्त तिथली कारणे वेगळी आहेत.

रोमनमध्ये मराठी लिहिण्याच्या मुळात दोन रीती आहेत. एक कानाची, एक डोळ्याची. कानाची रीत म्हणजे ऐकू येते तसे लिहिणे. एकोणिसाव्या शतकात विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने रूढ झालेली पद्धत बरीचशी या वळणाची आहे. नकाशे, गॅझेटियर, रेल्वे स्थानकांच्या पाट्या यांवरची गावांची नावे तिच्यातून आली. डोळ्याच्या रीतीत प्रत्येक नागरी अक्षराला एक ठरलेले रोमन चिन्ह असते आणि उच्चार काहीही असो, तेच वापरायचे असते. १८९४ मध्ये जिनिव्हाला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेने या रीतीला एकसूत्र रूप दिले. पुढे अमेरिकन लायब्ररी असोसिएशन आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी मिळून भाषावार तक्ते केले. त्यांत मराठीचाही तक्ता आहे. इंग्रजी भाषक जगातल्या मोठ्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या नोंदी साधारणपणे त्या तक्त्याप्रमाणे होतात.

पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' घ्या. कॉलेजातल्या मुलाला हे नाव रोमनमध्ये लिहायला सांगितले तर 'ची' साठी तो सी-एच-आय लिहील, 'चाळ' साठी सी-एच-ए-एल. तक्त्यात मात्र सी-एच ही जोडी छ साठी राखून ठेवलेली आहे. च साठी नुसता सी. त्यामुळे तक्त्याची 'चाळ' अशी होते: सी, मग डोक्यावर आडवी रेघ असलेला ए, मग खाली टिंब असलेला एल, आणि शेवटी आणखी एक साधा ए, कारण ळ चा पाय मोडलेला नाही, त्यात अ आहे. बहुतेक शोधयंत्रणा रेघा-टिंबे गाळून शोध घेतात. ती गाळली की हाती उरते सी-ए-एल-ए. ती चाळ असेल, चाल असेल, चळ असेल किंवा 'चला'ही असेल. आणि सी-एच-ए-एल टंकणारा आपला विद्यार्थी तर तिथवर पोचतच नाही. पुस्तक ग्रंथालयात आहे, नोंद नियमाप्रमाणे अचूक आहे, वाचकाने शब्दही त्याच्या परीने बरोबर लिहिला आहे, तरी दोघांची गाठ पडत नाही.

तो शेवटचा ए अनेकांना खटकतो. तेंडुलकर या आडनावात ल च्या मागे एक, क च्या मागे एक आणि र च्या मागे एक असे ए लागतात, तेव्हा आपल्या ओळखीच्या माणसाला भलतेच शेपूट लावल्यासारखे वाटते. तरी मला हे ए योग्य वाटतात. मराठीत व्यंजनातला अ लिहिला जातो, पण कित्येक ठिकाणी उच्चारला जात नाही. 'करवत' म्हणताना र मधला अ जातो, 'करणी'तही तो जातो, 'कमळ'मध्ये मात्र म मधला अ राहतो. कुठे जातो आणि कुठे राहतो हे आपल्याला न शिकवता कळते. पण ज्याची ही भाषा नाही त्याला ते नियमात बांधून देणे सोपे नाही. शिकागोत किंवा लंडनमध्ये बसलेला तालिकाकार उत्तम संस्कृत जाणणारा असेल आणि मराठी त्याने कानाने कधी ऐकली नसेल. डोळ्याची रीत त्याला उच्चार विचारत नाही. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण यांतला ज आपण वेगवेगळा उच्चारतो, लिहितो मात्र एकच. तक्ताही एकच लिहितो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. अक्षराला अक्षर ठेवले असेल तर रोमनवरून मूळ नागरी पुन्हा उभी करता येते. कानाने लिहिलेल्या आर-ए-एम-ए वरून राम, रमा की रामा हे कोणीच सांगू शकणार नाही.

अर्थात परतीची ही वाटही पूर्ण मोकळी नाही. 'पंत' लिहा की 'पन्त', तक्त्याप्रमाणे दोन्ही एकच होतात, कारण अनुस्वारापुढे जे व्यंजन असेल त्याच्या वर्गातले अनुनासिक लिहायचे असा नियम आहे. याहून मोठी अडचण खास मराठी आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' दक्षिणा द्यायची आणि 'आचाऱ्यांना' मजुरी. रफार आणि चंद्रकोरीसारखा र हा भेद आपण डोळ्यांनी ओळखतो. आर-वाय लिहिले की तो पुसला जातो. मूळ लिपी नोंदीत नसेल तर त्या पुस्तकात समुद्र आहे की डोंगर, हे पुस्तक हाती घेतल्यावरच कळायचे.

मग मूळ लिपी नोंदीत का नव्हती? कारण हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात बऱ्यापैकी सुटलेला होता. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची जे. एफ. ब्लूमहार्ट यांनी केलेली तालिका १८९२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. कर्त्याचे नाव रोमनमध्ये, पुस्तकाचे नाव नागरीत, त्याला लागून त्याचे रोमन लिप्यंतर, आणि मग इंग्रजीत थोडे वर्णन अशी तिची मांडणी आहे. रोमन नावामुळे नोंद वर्णक्रमात लागते आणि नागरी नावामुळे पुस्तक ओळखता येते. एकमेकांशेजारी ठेवलेल्या या दोन लिप्या वेगवेगळी कामे करत होत्या, आणि वाचकाला दोन्ही मिळत होत्या.

इकडे शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ मध्ये निघाली. १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांची ती सूची अर्थातच नागरीत. एका भाषेची सूची एका लिपीत हे सरळ आहे. पण १९५८ पासूनच्या 'इंडियन नॅशनल बिब्लिऑग्राफी'ला सगळ्या भारतीय भाषांची पुस्तके एकाच क्रमात लावायची होती. तिने रेघा-टिंबांसह रोमन लिपी स्वीकारली. रोमनीकरण म्हणजे परक्यांनी आपल्यावर लादलेली गोष्ट, असा एक सूर आपल्याकडे लागतो. तो लावण्याआधी कोलकात्यात तयार झालेले हे खंड पाहावेत. अनेक लिप्यांच्या देशात एक सामाईक क्रम हवा असेल तर कोणती तरी एक लिपी निवडावी लागते, आणि ती नागरी असती तर तमिळ वाचकाला तेवढीच परकी वाटली असती.

त्यानंतरच्या दोन घटना जवळजवळ एकाच काळातल्या. पहिली गव्हाची. अमेरिकेच्या १९५४ च्या ज्या कायद्याखाली भारताला धान्य मिळाले, तो आपल्याकडे 'पीएल ४८०' या नावाने ओळखला जातो. धान्याची किंमत रुपयांत जमा होत होती, आणि त्या रुपयांतून पुस्तके घेण्याची तरतूद पुढे झाली. १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतले कार्यालय सुरू झाले आणि भारतीय भाषांतली पुस्तके, मासिके विकत घेऊन अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांकडे जाऊ लागली. मराठीही त्यांत होती. आपल्याकडे एखाद्या कादंबरीची पहिली आवृत्ती वाचून वाचून फाटते, बांधणीला जाते, तिचे वेष्टन फेकले जाते. तिचीच प्रत तिकडे थंड, कोरड्या खोलीत शाबूत असण्याची शक्यता असते ती या गव्हामुळे.

दुसरी घटना संगणकाची. हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६६ पासून यंत्राला वाचता येईल अशा नोंदीचा नमुना बसवायला घेतला. तोच 'मार्क'. आज जगभरची ग्रंथालये त्याचीच वंशज रूपे वापरतात. त्या यंत्राला ठरावीक अक्षरेच येत होती: रोमन वर्णमाला आणि तिच्यावरच्या रेघा-टिंबांचा भरपूर साठा. पुढे त्यांत सिरिलिक, ग्रीक, हिब्रू आणि अरबी लिप्या आल्या. १९८३ मध्ये अमेरिकी संशोधन ग्रंथालयांच्या सामाईक जाळ्यावर चिनी, जपानी आणि कोरियन नोंदी मूळ लिपीत होऊ लागल्या. त्या जुन्या अक्षरसंचात नागरी मात्र कधीच आली नाही. तमिळ आली नाही, बंगालीही नाही. परिणाम असा की ज्या काळात मराठी पुस्तकांचा ओघ सर्वांत मोठा होता, त्या काळातल्या संगणकीय नोंदी निव्वळ रोमन झाल्या. ब्लूमहार्टच्या पानावर शेजारी बसलेल्या दोन लिप्यांपैकी एक गळाली, आणि तीही ओळख पटवणारी.

हे बदलले युनिकोडमुळे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यातला नागरीचा आराखडा भारतातच तयार झालेल्या 'इस्की' या संकेतावर बेतलेला होता. मार्कने युनिकोड स्वीकारल्यावर नागरीला नोंदीत जागा मिळाली. जागा कशी मिळाली हे पाहण्यासारखे आहे. मार्कच्या नोंदीत प्रत्येक गोष्टीला एक क्रमांकाचा रकाना असतो: १०० मध्ये कर्ता, २४५ मध्ये शीर्षक. मूळ लिपीसाठी ८८० हा रकाना आहे. २४५ मध्ये रोमन शीर्षक लिहायचे आणि त्याच्या आरंभी '८८०-०१' असा दुवा द्यायचा. ८८० मध्ये नागरी शीर्षक लिहायचे आणि त्याच्या आरंभी '२४५-०१' असा उलट दुवा. कर्त्यासाठी '०२', प्रकाशकासाठी '०३', असे पुढे. दोन्ही टोकांना एकमेकांचा पत्ता असल्यामुळे यंत्राला कळते की ही दोन वेगळी शीर्षके नाहीत, एकाच शीर्षकाच्या या दोन लिप्या आहेत. ब्लूमहार्टच्या पानावर हे शेजारी छापून साधले होते.

याला पर्यायही आहे. सगळी नोंद थेट मूळ लिपीतच करायची, २४५ मध्येच नागरी, रोमन मुळी नाहीच. मार्कला तेही मान्य आहे. मराठी पुस्तकेच ज्यांचे सर्वस्व आहे त्या महाराष्ट्रातल्या वाचनालयांना हा मार्ग सोयीचा, आणि अनेक ठिकाणी तो आपोआप पडलेलाच आहे. 'आरडीए' ही २०१० पासूनची नियमावलीही सांगते की शीर्षक शीर्षकपृष्ठावर ज्या भाषेत आणि ज्या लिपीत आहे त्यातच उतरवून घ्यावे. माझे मत असे की वाचनालयाचा वाचक मराठी असेल तर नागरी नोंद पुरेशी आहे. पण ती नोंद इतर ग्रंथालयांच्या सामाईक तालिकेत जाणार असेल तर रोमन जोड द्यावी, आणि ती तक्त्याप्रमाणेच द्यावी. कानाने लिहिलेली रूपे टाकाऊ नाहीत. वाचक तीच टंकतो. त्यांच्यासाठी २४६ हा पर्यायी शीर्षकांचा रकाना आहे; त्यात डी-एन-वाय ची ज्ञानेश्वरी घाला, जी-वाय चीही घाला. मात्र ती २४५ मध्ये नकोत. तिथे प्रत्येकाने आपापल्या कानाने लिहायला सुरुवात केली की एकाच पुस्तकाच्या दहा ग्रंथालयांतल्या दहा नोंदी कधीच जुळणार नाहीत.

नागरी आली म्हणून सगळे निभावले असेही नाही, कारण नागरीलाही स्वतःची रूपे आहेत. 'ॲडव्होकेट'मधला ॲ घ्या. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी, आणि अनेक कळफलकांवर त्यानंतरही, तो अ आणि अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनी टंकला गेला. कागदावर दोन्ही सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. 'दऱ्या'तला र सुद्धा दोन प्रकारे टंकता येतो, आणि दोन्ही प्रकार मराठी संगणकांवर नांदत आहेत. यंत्रणेने शोधापूर्वी ही रूपे एकसारखी करून घेतली नाहीत, तर वाचनालयाच्या तालिकेत पुस्तक असूनही 'निकाल शून्य' येतो. कोहा ही मुक्त संगणकप्रणाली आपल्याकडे पुष्कळ ग्रंथालयांत आहे. तिच्या जुन्या प्रचलित शोधयंत्रणेची मूळ मांडणी रोमनसाठीची आहे आणि नागरीसाठी 'आयसीयू' नावाची वेगळी मांडणी निवडावी लागते. हे काम एकदाच करायचे असते, पण ते करायचे असते हे बसवणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

त्याहून जुनी जखम बिगर-युनिकोड फॉन्टची. नव्वदच्या दशकात आणि पुढेही, रोमन अक्षरांच्या जागी नागरी आकार बसवलेल्या फॉन्टमध्ये कित्येक वाचनालयांनी याद्या टंकून घेतल्या. तो फॉन्ट गेला की पडद्यावर उरतात निरर्थक रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. ते लिप्यंतरसुद्धा नव्हे. अशा याद्या युनिकोडमध्ये बदलून घेता येतात, पण कोणता फॉन्ट होता हे आधी कळावे लागते, आणि ते सांगणारा कारकून बहुधा निवृत्त झालेला असतो.

आणि शुद्धलेखन. १९६२ चे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी 'पण लक्षांत कोण घेतो' या नावाने आली. लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रें' या नावाने. आजचा वाचक 'लक्षात' टंकतो, 'स्मृतिचित्रे' टंकतो. तालिकाकाराने शीर्षकपृष्ठावर असेल तसेच उतरवायचे असते, कारण अनुस्वारावरून आवृत्तीही ओळखता येते. म्हणून नोंद अनुस्वारासह ठेवायची आणि अनुस्वाराशिवायचे रूप त्याच २४६ मध्ये जोडायचे. लिप्यंतरात हा भेद आणखी रुंदावतो: 'लक्षांत'मध्ये टी च्या आधी एक एन येऊन बसतो, आणि रोमनमधून शोधणाऱ्या आजच्या वाचकाला तो एन कुठून आला हे कळण्याचे काही कारण नाही.

क्रम लावण्याचाही घोळ आहे, तो थोडक्यात सांगतो. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. यंत्राला काही न सांगता सोपवले तर ते ळ ला ल च्या पाठीशी उभे करते आणि ज्ञानेश्वरीला ज मध्ये नेऊन बसवते.

इथवर मी एक गोष्ट गृहीत धरत आलो: मराठीची मूळ लिपी नागरी आणि रोमन ही तिची छाया. गोव्यात हे गृहीत कोसळते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल इथे छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे हे मराठी काव्य छापले गेले रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरहून हस्तलिखितांवरून आवृत्ती काढली, तीही रोमन. नागरी छापील आवृत्ती शांताराम बंडेलू यांची, १९५६ ची. लंडनच्या मार्सडेन संग्रहात मात्र नागरीतले एक हस्तलिखित आहे, आणि कवीने आधी लिहिले ते कोणत्या लिपीत यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

आता १९०७ च्या आवृत्तीची नोंद करा. शीर्षकपृष्ठ रोमन, भाषा मराठी. अमेरिकी तक्ता इथे लागू करायचा का? मुळीच नाही. तक्ता नागरीचे रोमन करण्यासाठी आहे. इथे रोमनच मूळ आहे आणि ते आहे तसे उतरवायचे. गोव्यातल्या रोमन लेखनाला पोर्तुगीज वळण आहे. तिथे श साठी एक्स वापरतात, आणि रोमी कोंकणीत तो आजही तसाच आहे. तो एक्स 'चुकीचा' म्हणून बदलणे हे ज्ञानेश्वरीतला ज्ञ बदलण्याइतकेच गैर. या पुस्तकाला ८८० ची गरज नाही. वाचकाच्या सोयीसाठी नागरी शीर्षक हवे असेल तर ते पर्यायी रूप म्हणून येईल. १९५६ च्या आवृत्तीला मात्र उलट: नागरी मूळ, आणि रोमन तक्त्याप्रमाणे. एकाच काव्याची दोन रोमन शीर्षके अशी दोन वेगळ्या कारणांनी तयार होतात. त्यांना एकत्र बांधायला त्या काव्याचे एक ठरलेले नाव दोन्ही नोंदींत लागते. भाषेचा संकेत नोंदीत एका जागी असतो आणि लिपीचा वेगळा विचार करावा लागतो, हे कोंकणीच्या तालिकाकाराला सांगावे लागत नाही. तिच्या पुस्तकांत नागरी, रोमन आणि कन्नड या लिप्या रोज भेटतात.

मोडीचे तसेच. विल्यम केरी यांचा १८१० चा मराठी कोश श्रीरामपूरला छापला गेला तेव्हा त्यातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी छापले होते. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये. तरी मोडी पुस्तकाचे शीर्षक मोडीतच टंकण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण ते टंकणारे थोडे आणि शोधणारे त्याहून थोडे. नागरीत उतरवावे आणि 'मूळ मोडीत' अशी टीप न विसरता द्यावी. ती टीप नसेल तर मोडीचा अभ्यासक त्या पुस्तकापर्यंत पोचायचा नाही.

राहिली माणसांची नावे. पुस्तकाला एकच शीर्षकपृष्ठ असते, माणूस मात्र अनेक पृष्ठांवर भेटतो. अरुण कोलटकर यांची 'जेजुरी' इंग्रजीत १९७६ मध्ये आली आणि मराठी कवितांचा संग्रह १९७७ मध्ये. इंग्रजी पुस्तकावर त्यांनी स्वतः वापरलेले रोमन नाव. मराठी पुस्तकाचे तक्त्याने केलेले रोमन नाव वेगळे, ट खाली टिंब आणि त्याच्या मागे ए. दिलीप चित्र्यांचे तर पहिले अक्षरच वेगळे वाटते. त्यांच्या स्वतःच्या सहीत सी-एच, तक्त्यात फक्त सी. एकाच कवीची पुस्तके दोन नावांखाली विभागली गेली तर तो दोन भाषांत लिहीत होता हीच गोष्ट तालिकेतून नाहीशी होते. म्हणून ग्रंथालये नावांची एक प्रमाण सूची ठेवतात: एक रूप ठरवायचे आणि बाकीची सारी त्याकडे वळवायची. द्विभाषक लेखकाच्या बाबतीत त्याने स्वतः वापरलेल्या रूपाला मान द्यावा असे मला वाटते. त्याने कधी रोमनमध्ये सही केलीच नसेल तर तक्ता आहेच. २००८ मध्ये अमेरिकेतल्या सामाईक नामसूचीत मूळ लिपीतली रूपे घालायला सुरुवात झाली तेव्हाही आरंभ जुन्या अक्षरसंचातल्या लिप्यांपासूनच झाला. नागरी त्यांत नव्हती. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हे सांगणारी नोंद नागरीत हवी असेल तर ती मराठी जाणणाऱ्यांनीच करायला हवी.

जुन्या निव्वळ रोमन नोंदींचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. रोमनवरून नागरी आपोआप तयार करून देणाऱ्या प्रणाली आहेत आणि त्या बऱ्यापैकी काम करतात. पण दर्या आणि दऱ्या, पंत आणि पन्त यांच्यापाशी त्या अंदाज बांधतात, आणि अंदाज नोंदीत गेला की तो पुरावा म्हणून वाचला जातो. उलट दिशा अधिक भरवशाची आहे. नागरीकडून रोमनकडे जाताना अंदाज करावा लागत नाही, कारण प्रत्येक अक्षराचे रूप ठरलेले असते. आपल्या वाचनालयांकडे नागरी शीर्षकांच्या याद्या आहेत, दात्यांची सूची आहे. या याद्यांचे तक्त्याप्रमाणे रोमन करून ते परदेशी नोंदींशी ताडून पाहायचे, आणि जुळेल तिथे आपले नागरी शीर्षक त्यांच्या ८८० मध्ये द्यायचे. ते नागरी शीर्षकपृष्ठ पाहून उतरवलेले असेल, यंत्राने ओळखलेले नसेल. यासाठी आपली यादी युनिकोडमध्ये असावी लागते आणि तिच्यात शीर्षकाबरोबर प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या असावी लागते. नुसत्या शीर्षकावर जुळवायला गेले तर 'निवडक कविता' नावाची किती पुस्तके एकमेकांच्या गळ्यात पडतील याची गणती नाही. दाखलनोंदवहीत हे तिन्ही रकाने पूर्वीपासून आहेत. यादी संगणकावर चढवताना वेळ वाचवायला म्हणून गाळले जातात ते नेमके तेच.